समोरची भिंत

पवनचक्की कंपनीच्या साहेबांनी "वा, काय खोल अर्थ आहे!" म्हणत माझी व्हिडिओ कलाकृती आपल्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावून घेतली. पडद्यावर अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी, तिच्या तोंडावरून सारखी फिरणारी पात्याची सावली आणि न थांबणारी घरघर. "आमच्या स्वच्छ विजेवर चालते. वारा आहे तोवर बंद होणार नाही," असं त्यांनी पत्रकारांना छातीठोकपणे सांगितलं.

आठवड्याभरात त्यांचा फोन आला. "अहो मॅडम, डोकं उठलंय माझं! डोळे मिटले तरी ती सावली फिरतेच."

"होईल सवय, साहेब."

"अशी कशी सवय होईल?"

"आईच्या खिडकीसमोर तुमची पवनचक्की उभी राहिली, तेव्हा मीही तुम्हाला फोनवर हेच विचारलं होतं."