मास्तरांची बंद खोली

मधल्या सुट्टीत कटिंग मास्तर शिवून झालेले पाच-सहा शर्ट काखेत मारायचे, मापाच्या खोलीत शिरायचे आणि आतून कडी लावायचे. साऱ्या कारखान्याला पडलेलं हे कोडं शेवटी हाताने काजं करणाऱ्या मावशींनी सोडवलं. सुईत दोरा ओवायला त्यांना आताशा शेजारीण लागायची, पण दुसऱ्याच्या भानगडी मात्र लांबून दिसायच्या.

"मागच्या खिडकीतून माल बाहेर जात असणार, दुसरं काय!" डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या. "मी आपला अंदाज सांगतेय हो. आरोप नाही करत कुणावर."

तो अंदाज इस्त्रीवाल्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा संशय झाला होता, आणि मालकांच्या कानावर गेला तेव्हा पक्की खबर. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, कडी लावून आत काय करता?"

मास्तरांनी एकदा बायकांच्या रांगेकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मालकांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं.

मावशींना जरा ओशाळल्यासारखं झालं. पण आपण तर नुसता अंदाज सांगितला होता, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

कात्री पिशवीत घालून निघालेले मास्तर त्यांच्या बाकापाशी थांबले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले,



"मावशी, आधी डोळे दाखवून या. तुमची वाकडी काजं उसवून पुन्हा करायला उद्यापासून मी नसेन."