चोख तयारी

लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस सुट्टीत एकटाच जंगलात जायचा, पण तयारी अशी चोख की कुणी बोट ठेवू नये. दोर, विजेरी, मलमपट्टी, पाणी, शिट्टी, सगळं दोनदा तपासलेलं. कुठल्या दरीत उतरणार नि कधी परतणार, हेसुद्धा बायकोकडून घोकवून घ्यायचा.

आज दरीत दगड घसरला आणि त्याखाली त्याचा पाय अडकला. पाय काही निघेना, फोनला रेंज नाही. तरी गडी डगमगला नाही. बंद लिफ्टमध्ये रडकुंडीला आलेल्यांना तो दाराबाहेरून नेहमी सांगायचा, "घाबरू नका हो, तुम्ही आत आहात हे बाहेर ठाऊक आहे ना, मग झालं तर!"

त्याचं तरी कुठे अडलं होतं? अंधार पडेपर्यंत घरी पोचला नाही, की बायको आकाशपाताळ एक करणार. गेल्या खेपेला जरासा उशीर झाला, तर तिने बचाव पथकच बोलावलं होतं.

शिट्टी ओठांशी नेता नेता त्याचा हात थबकला. त्या दिवशी चारचौघांत तो तिच्यावर केवढा खेकसला होता! "मी काय कुक्कुलं बाळ आहे? सगळे हसताहेत मला!"

आणि आज निघताना, लेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्याने बायकोकडून वदवून घेतलं होतं, "कितीही उशीर होऊ दे, मी कुण्णाला बोलावणार नाही."