हात मांडीवर

"पणजोबा रामजी तांडेल, सावित्री नदीवर होडीतून माणसे पैलतीरी नेत. आजोबा बाळाराम, महाडच्या आगारात एसटीचे चालक. वडील वामन, धुळ्याच्या मैदानावर विमान चालवायला शिकवीत. तीन वर्षांपूर्वी गेले."

तीन पिढ्या सांगून शार्दूल थांबला. ऑकलंडच्या दक्षिणेस, गवती धावपट्टीच्या कडेला असलेल्या पत्र्याच्या खोलीत तो आणि इरावतीबाई समोरासमोर बसले होते. बाईंचे वय बहात्तर, पाठ ताठ, नऊवारीच्या जागी लोकरी पँट. पण बसण्याचा थाट नऊवारीचाच. स्वतंत्रपणे शिकवणारा वैमानिक निवडायला येणारी माणसे आधी तासाचा दर विचारतात, मग परवाना. या बाई स्थळ पाहायला आल्यासारख्या घराणे विचारत होत्या.

"चार जणांना भेटून आले," त्या म्हणाल्या. "दोघे फार बोलतात. तिसरा घड्याळ पाहतो. चौथा माझ्याशी मोठ्याने ओरडून बोलला, जणू म्हातारपण म्हणजे बहिरेपण. तुमच्याकडे सध्या विद्यार्थी किती?"

"एकही नाही, काकू."

"काकू नको. शिकवताना नाती मध्ये आणू नयेत. एकही का नाही?"

शार्दूलने खरे ते सांगितले. दोन वर्षांपूर्वी नील नावाच्या विद्यार्थ्याने उतरताना विमान आपटले, पुढचे चाक मोडले. इजा कोणालाच झाली नाही. पण तेव्हापासून जमीन जवळ आली की शार्दूलचे हात आपोआप पुढे जात आणि विद्यार्थ्याच्या हातातले विमान तो स्वतःच उतरवी. ज्याला कधी उतरवूच दिले नाही, तो शिकणार काय? एकेक करून सगळे निघून गेले.

"तुम्हीही गेलात तर हे बंद करणार आहे," तो म्हणाला. "पेनरोजच्या गोदामात अर्धवेळ जातोच, मग पूर्णवेळ जाईन."

"मंगळवारी येते," इरावतीबाई म्हणाल्या.

त्या अल्बनीहून बसने शहरात येत, तिथून आगगाडीने पापाटोएटोला. शार्दूल स्टेशनवर उभा असे. खरे तर आठवड्यात मराठीत बोलावे असे त्याच्या आयुष्यात तेवढेच माणूस उरले होते. भाड्याच्या खोलीत तो एकट्यापुरता भात लावी आणि तोही उरे. वडील गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंत तिकडे तेरावा उरकला होता. त्यानंतर फोन करावा असे कोणी राहिले नव्हते.

हवेत बाई बऱ्या होत्या. वळणे नीट घेत, सांगितलेले लक्षात ठेवीत. घोडे अडे ते उतरताना. जमीन पुरुषभर खाली असतानाच त्या विमानाचे नाक वर ओढीत. विमान तिथेच रेंगाळे, आता कोसळेल असे वाटे, आणि शार्दूलचे हात झडप घालीत.

"पुन्हा," खाली आल्यावर बाई म्हणत.

"घाई झाली तुम्हाला."

"मला की तुम्हाला?"

सहा मंगळवार असेच गेले. मधे एकदा त्याने सुचवले, "एकटीने उडवायचे तर डॉक्टरांचा दाखला लागेल. आत्तापासून अर्ज करा."

"दाखल्याचे सावकाश पाहू."

सातव्या मंगळवारी तो स्टेशनवर गेला तर बाई आल्याच नाहीत. तासभर थांबून तो एकटाच मैदानावर परतला. गोदामाच्या मुकादमाला होकार कळवायला त्याने फोन हातात घेतला, तोच फाटकाशी गाडी थांबली. बाई उतरल्या. गाडी त्यांची नात चालवत होती.

"ही स्वरदा. वाट चुकली. चला."

मैदानाभोवती एक फेरी मारून विमान उतरायला वळले. धावपट्टी समोर आली. गवताचे पाते न पाते दिसू लागले आणि बाईंनी नेहमीसारखेच नाक वर ओढले. शार्दूलचे हात उठले. या वेळी त्याने ते मागे घेतले आणि मांडीवर दाबून धरले. विमान अधांतरी थबकले. एक श्वास गेला, दुसरा गेला. मग बाईंनी किंचित हात सैल केला, इंजिनाला जरासा जोर दिला, आणि चाके गवतावर अलगद टेकली.

विमान थांबले तेव्हाही शार्दूलचे हात मांडीवरच होते.

"तुम्ही उतरवलंत," तो म्हणाला. "बाई, आता खरंच दाखला काढा. महिन्याभरात एकट्या उडवाल."

स्वरदा कुंपणापाशी उभी होती. "किया ओरा," तिने इथल्या माओरी रीतीने नमस्कार केला. "झालं का, आजी? इज धिस द वन?"

"हाच," इरावतीबाई म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारपासून तू यायचं."

शार्दूलला उमजेना. "म्हणजे तुम्ही शिकणार नाही?"

"सॉरी हं," स्वरदा म्हणाली. "आजीने थर्टी वन इयर्स पायलट ट्रेन केलेत. तिला हवं तेव्हा मुद्दाम चुकीचं उतरवता येतं."

इरावतीबाईंनी प्रथमच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एक्याऐंशी साली, धुळ्याला, मी अकरा वेळा विमान आपटलं, शार्दूल. सगळे म्हणाले, या मुलीला घरी पाठवा. तुझ्या वडिलांनी अकराही वेळा हात मांडीवरून उचलले नाहीत. त्यांचं ते ऋण आज फिटलं."