तिसऱ्यांदा तुटलेला पोर्ट

“हे पडून तुटलेलं नाही, दादा,” दुरुस्तीवाली म्हणाली आणि तिने भिंग त्याच्या हाती दिले. “बघा तुम्हीच. कुणीतरी पिरगळलंय.”

त्याने वाकून पाहिले. कीबोर्डच्या मागच्या कडेला, जिथे वायर खुपसायची, तो धातूचा इवलासा पोर्ट जागेवरून उखडून एका अंगावर कलला होता. त्याच्याखालचा तांब्याचा पापुद्राही थोडा सुटून आला होता.

कीबोर्ड साधा नव्हता. त्याच्या कळा बिस्किटांएवढ्या मोठ्या होत्या. थरथरत्या हातांसाठी केलेल्या. तसला दुसरा आता कुठे मिळत नव्हता. अर्धांगाच्या झटक्यानंतर वडिलांची जीभ वळेना, उजवा हात उचलेना, डाव्या हातात पेन ठरेना. त्या हाताचे एक बोट तेवढे नेमके टेकवता येई. त्या बोटाने ते कळा दाबत आणि संगणक त्यांच्या वतीने मोठ्याने बोले. घरात तोच त्यांचा आवाज होता.

“तिसरी खेप ही. माझ्या दुकानाचा लळा लागला की काय तुम्हाला?” ती हसली. “घरात लहान पोर आहे?”

“नाही.”

“मांजर?”

“मांजराला पिरगळता येतं का, ताई?”

“आमचं तर दारं उघडतं.”

त्याला हसू आले नाही. “आम्ही दोघंच असतो. मी आणि बाबा. सकाळी एक मावशी झाडायला येतात. मागच्या वेळी मी त्यांना नको ते बोललो. बिचाऱ्या रडल्या. म्हणाल्या, मी त्या टेबलाला हातसुद्धा लावत नाही. मग मी टेबलच कोपऱ्यात ओढलं, बाबांच्या खुर्चीला लागून. आता तिथे कुणाचा धक्काही लागत नाही.”

“तरी तुटला.”

“तरी तुटला.”

तिने जुना पोर्ट तापवून सोडवला. सोल्डरचा धूर तिच्या चष्म्यावरून सरकत वर गेला. नवा पोर्ट चिमट्यात धरून तिने जागेवर बसवला, एकेका पायाला तापल्या सळईचे टोक टेकवले आणि फुंकर मारली. “या वेळी मी कुणाचं ऐकणार नाही. चारी बाजूंनी गोंद भरते. वाळला की दगड होतो. मग वर हत्ती नाचला तरी हलायचा नाही.”

त्याला हायसे वाटले. तो शेजारच्या खोलीत बसून काम करी. भिंतीपलीकडून तो संथ, एकसुरी आवाज येई : पाणी. खिडकी लाव. ऊन आले. तो जागेवरूनच “आलो, बाबा” म्हणे, जाऊन काम करी आणि परते. दोघांचीही चांगली सोय झाली होती. असे कितीतरी दिवस जात, की त्याने वडिलांकडे पाहिले आहे असे त्याला संध्याकाळी आठवत नसे.

दोन नळ्यांतला गोंद पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काडीने कालवत तिने विचारले, “मग हे बंद असतं तेव्हा बोलतात कसे हो?”

“तळहातावर लिहितात.” त्याने सांगता सांगता उजवा हात काउंटरवर उताणा ठेवला. “मी शेजारी बसतो, हात असा पुढे धरतो. ते बोटाने एकेक अक्षर काढतात. चुकलं की पुसतात.”

“पुसतात? पुसायला काय आहे तिथे?”

“तेच तर. पण आख्ख्या पंजाने पुसतात. पाटी पुसावी तशी. मग पुन्हा पहिल्यापासून. हल्ली तर फारच चुकतात. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या त्यांनी, आणि आता साध्या ‘पाणी’साठी चार-चारदा हात...”

बाबांच्या खुर्चीतून त्या पोर्टपर्यंत एकच हात पोचत होता.

त्याचा हात तिथेच उताणा पडून राहिला. वडिलांनी आपल्याला कधी जवळ घेतल्याचे त्याला आठवत नव्हते. काही मागणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. इस्पितळात घसा कोरडा पडला, तरी त्यांनी परिचारिकेला खूण केली नव्हती. आई गेली त्या दिवशी त्यांचा हात त्याच्या खांद्यापर्यंत आला होता. तिथून तो मागे फिरला आणि त्यांनी उगाचच चष्मा नीट केला.

आज घरी जाऊन आपणहून हात पुढे केला तर? त्यांना कळेल, की याला कळले. आणि मग शरमेने ते तळहातावर बोट पुन्हा कधी टेकवणार नाहीत. कीबोर्ड सुरू असेल, आवाज सुरू असेल. पाणी. खिडकी लाव.

दुरुस्तीवालीने काडीवर गोंदाचा थेंब उचलला आणि पोर्टच्या कडेशी नेला.

“ताई, गोंद नको.”

“अहो, असं काय करता? नुसत्या सोल्डरवर कितीसा टिकणार? पिरगळला की पुन्हा सुटेल.”

त्याने काउंटरवरचा हात हळूच मिटून घेतला.

“सुटू द्या,” तो म्हणाला.