दगडावरची ओल

डोंगरावरच्या आपल्या जमिनीत सापडलेला तो काळा दगड बाबांनी न्याहरीच्या टेबलावर ठेवला आणि नेहमीसारखा जिभेने चाटला. ओला झाला की दगडाचे कण उजळतात आणि त्याची जात कळते, ही त्यांची जुनी रीत.

"शी, बाबा! घरातलं मीठ संपलंय का?" मुलगी म्हणाली.

"याची ओळखच पटत नाहीये गं. वर असे आणखी आहेत. येतेस बघायला?"

तिने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "तुमचे दगड तुम्हालाच लखलाभ."

ते हसत एकटेच गेले. दुपारी त्यांचा देह कड्याखालून उचलून आणला.

बाबांचं एवढं अडलेलं काम तरी पुरं व्हावं, म्हणून महिन्याभराने ती तो दगड घेऊन एका भूगर्भतज्ज्ञाकडे गेली. त्याने भिंग लावलं आणि मान हलवली.

"असला दगड मी पाहिलेला नाही. पण ओला करून कशाला आणलात?"

"कोरडाच होता."

त्याने दगड फडक्याने खसखसून पुसला आणि दिव्याखाली धरला. दोघांच्या देखत त्यावर पुन्हा ओल चढली, खालून वर, सावकाश, जिभेच्या रुंदीची.

तज्ज्ञाने दगड तिच्याकडे सरकवला आणि हात पुन्हा पुन्हा पँटला पुसले.

घरी तिने तो बाबांच्या ताटाच्या जागी ठेवला. ओल वाळत आली, पुन्हा चढली.

तिने पुस्तक मिटलं आणि पायांत बूट चढवले.

"थांबा बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मी येते."