सातव्या नंबरचे सर

क्लासची फी शिंपीकाम करणाऱ्या बाबांना झेपणारी नव्हती, म्हणून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी थोरलीने फुकटचं साहित्य धुंडाळलं. मोबाइलवरचे व्हिडिओ आणि सरावपेपर तिने गहू निवडावेत तसे निवडले, चुकीच्या उत्तरांचे खडे वेचून फेकले आणि उरलेल्यांची यादी मैत्रिणींना पाठवली. सातव्या नंबरपुढे लिहिलं, 'सरांचा आवाज बसका आहे, पण जीव तोडून शिकवतात.'

"पोरगी सदा मोबाइलला चिकटलेली," बाबा कुरकुरायचे.

निवडण्यातच तिचं वर्ष सरलं. मैत्रिणी आयत्या पिठावर रेघोट्या ओढून मेडिकलला गेल्या आणि ती बाबांच्या दुकानात काजं-बटणं करत बसली.

आज एका गिऱ्हाइकाने बाबांच्या मोबाइलवर एक यादी पाठवली. "हिच्यावर अभ्यास करून माझी पुतणी पास झाली," म्हणाला. गिऱ्हाईक गेल्यावर बाबा चष्मा चढवून थोरलीला ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायला लागले. सातव्या नंबरवर ते थांबले.



"'आवाज बसका आहे, पण जीव तोडून शिकवतात.' बघ, किती मन लावून ऐकलंय कुणाच्या तरी पोरीने! नाहीतर तू!"