पश्चिमेच्या दारात

अनुपमाने वडिलांच्या व्हीलचेअरचा ब्रेक लावला आणि वर पाहिलं. देवळाचं मधलं शिखर अजून उभं होतं, पण त्याच्याभोवती क्रेनचे पट्टे आवळलेले होते.

"मोहिद्दीनभाई, हे काय? सूर्य वर येईपर्यंत हात लावणार नाही म्हणाला होतात ना?"

सुपरवायझर मोहिद्दीन हेल्मेट काढून जवळ आला. तो मूळचा खेडचा, तिच्याशी मराठीतच बोलायचा. "मॅडम, बाजूची चारही काल उतरवली. हे एकच तुमच्यासाठी ठेवलं. पण..." त्याने खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "सलाम, काका."

विष्णुपंतांनी डावा हात किंचित उचलला. दिवाळीतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तेवढाच चालत होता. बोलणंही एखाद-दोन शब्दांवर आलं होतं. मुलगी त्यांना पुण्याहून दुबईला घेऊन आली ती या एका पहाटेसाठी.

शहराबाहेरच्या वाळूत हिवाळी जत्रा भरायची, दर देशाचा एक मंडप. २००२ सालच्या जत्रेतला कंबोडियाचा मंडप अनुपमाच्या हातचा. अंगकोरचं देऊळ, प्लायवूड आणि फायबरचं. मालकाला त्याचं तोंड पार्किंगकडे हवं होतं. संध्याकाळी फोटो चांगले येतील, असं सांगून तिने ते पश्चिमेला वळवून घेतलं होतं. खरं कारण तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

अंगकोरच्या डागडुजीला गेलेल्या भारतीय पथकात विष्णुपंत होते. सुट्टीवर घरी आले की ताटावर बसून सांगत, "अगं, तिथे ज्योतिषाला होरा म्हणतात. चैत्राला चेत. माप आपल्यासारखं हातांचं. देवळाच्या वाटा हातांनी मोजल्या की युगांची वर्षं निघतात म्हणे. आणि दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा पहाटे पश्चिमेच्या दारात उभं राहायचं. सूर्य थेट मधल्या शिखराच्या टोकावर येऊन बसतो." त्यांनी स्वतः ते कधी पाहिलं नव्हतं. युद्धाचे दिवस. रस्त्यात सुरुंग नाहीत, अशी सैनिकांनी खात्री केल्याशिवाय पथकाला बाहेर सोडत नसत. तोवर ऊन कपाळावर आलेलं असे.

दुबईचा सूर्य अंगकोरपेक्षा तिरका चढतो. तेवढा फरक धरून अनुपमाने शिखराची जागा ठरवली होती. जत्रा संपली, मोडतोड सुरू झाली, तेव्हा तिने फक्त आजची, दिवस-रात्र सारखे होण्याची पहाट मागून घेतली होती.

"थोडा वेळ थांबा," ती म्हणाली. "तांबडं फुटलंय."

"मॅडम, बाजूची शिखरं गेली तसे त्यांचे टेकूही गेले. खालचे बोल्ट सुटलेत. काल वारा नव्हता. आता सुटलाय."

प्लायवूड करकरलं. शिखर जरासं कललं आणि पुन्हा सरळ झालं. परांचीवर दोघं जण दोर धरून उभे होते. त्यांतला एक मान वळवून खाली पाहत होता.

"ड्रॉइंग तुमचं आहे," मोहिद्दीन हळू आवाजात म्हणाला. "तुम्हीच सांगा. थांबवू?"

ते टेकू तिनेच योजले होते. ते नसले तर काय होतं, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. तिने वडिलांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे झुकून शिखराकडे बघत होते.

"उचला," ती म्हणाली.

"यल्ला, चला!" मोहिद्दीन क्रेनवाल्याकडे बघून ओरडला.

क्रेन घरघरली. शिखर जागचं सुटलं, हवेत सावकाश अर्धं वळलं आणि बाजूला गेलं. परांचीवरची माणसं भराभर खाली उतरली.

मग सूर्य आला. वाळूतून वर निघाला, तिरका सरकत गेला, जिथे टोक होतं नेमका तिथे पोचला आणि पुढे गेला. हिशेब चुकला नव्हता. चुकला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मॅडम, ट्रेलर मागे घ्यायचाय. जरा बाजूला..."

तिने ब्रेक काढला आणि खुर्ची वळवायला गेली. खुर्ची वळेना. विष्णुपंतांनी चाक मुठीत घट्ट धरलं होतं.

"बाबा, सोडा. गाडी येतेय."

त्यांनी मान हलवली. नजर शिखराच्या रिकाम्या जागेवरच होती. ऊन त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर पसरलं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. जबडा कितीतरी वेळ नुसताच हलला. मग शब्द आले.

"अजून... आला नाही."

ट्रेलरने हॉर्न दिला. अनुपमा वाळूत गुडघे टेकून बसली. एकेक बोट सोडवायला गेलेला तिचा हात त्यांच्या मुठीवर तसाच राहिला.